यंत्राची परीक्षा रस्त्यावरच्या माणसावर नको

चालकाविना धावणारी मोटार आली की अपघात थांबतील, असे हल्ली वारंवार ऐकू येते. माणूस पेंगतो, दारू पितो, मोबाइल बघतो. यंत्र यातले काही करत नाही. मुद्दा पटण्यासारखा आहे. पण तो तपासायचा कसा? दिनेश मोहन यांच्या कामातून त्याची दिशा मिळते.

मुंबईच्या आयआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले मोहन अमेरिकेत जैवअभियांत्रिकीकडे वळले. तिथे महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेत ते रुजू झाले. संस्थेचे प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते. अपघातातील इजेचे मूळ शरीरावर आदळणाऱ्या ऊर्जेत असते. ती रोखा, निव्वळ माणसाला दोष देत बसू नका, ही त्यांची मांडणी. साथरोगात आम्ही डॉक्टर हेच करतो.

पुढे दिल्ली आयआयटीत मोहन यांनी हीच दृष्टी वापरली. कडबाकुट्टीत शेतकऱ्यांची बोटे तुटत. 'जपून काम करा' एवढ्यावर न थांबता, हात पात्यापर्यंत जाऊ नये अशी यंत्राची रचना त्यांनी सुचवली. हेल्मेट, पादचारी, सार्वजनिक वाहतूक यांवर ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. मे 2021 मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले.

ही कसोटी चालकविरहित मोटारीला लावून पाहा. 18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणी मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. यंत्राला ती 5.6 सेकंद आधीच दिसली होती. पण झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल, हे त्या यंत्रणेत गृहीतच नव्हते. देखरेखीसाठी बसवलेली चालक मोबाइलमध्ये गुंतली होती.

आपल्या जालना रोडवर किंवा बीड बायपासवर असा माणूस दर मिनिटाला दिसतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा मृत्यू झाला. त्यांत सुमारे 44 टक्के दुचाकीस्वार आणि 19 टक्के पादचारी होते.

चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले आहे. पण अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी आपल्याकडे विकल्या जातच आहेत. म्हणजे धोरणाचा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनसीएपी' चाचणीतले तारे मुख्यतः गाडीत बसलेल्यांच्या सुरक्षेसाठी मिळतात. बाहेरच्यांचे काय?

म्हणून आपोआप चालणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची चाचणी आपल्याकडची दुचाकी, बैलगाडी, मोकाट जनावर आणि अंधारातला पादचारी समोर ठेवून झाली पाहिजे. ती खुल्या रस्त्यावर आणण्याआधी बंदिस्त मैदानात व्हावी. अपघात झाल्यास यंत्रातील नोंदी तपासासाठी खुल्या कराव्यात आणि उत्तरदायित्व कोणाचे, हे कायद्यात आधीच ठरवावे. नवे औषध बाजारात आणताना आपण एवढी खबरदारी घेतोच. रस्त्यावर येणाऱ्या यंत्राला सूट कशासाठी?