आधी गाडी उभी करायला शिका!

पहिल्याच रात्री माझी गाडी गेली. चोरीला नाही, उतारावरून!

झालं काय, की मिट्ट काळोख, पाऊस, जंगलातला रस्ता. समोर एक पडकं घर दिसलं. मी गाडी थांबवली, उतरले, आत शिरून दोन कपाटं उपसली आणि बाहेर येते तर गाडी जागेवर नाही. दिवे चालू, दार उघडं आणि बाईसाहेब आपल्या आपण निघालेल्या, थेट झाडांमध्ये...

घाबरू नका. पार्किंगमधली माझी सेकंडहँड अल्टो ठणठणीत आहे. हे सगळं लॅपटॉपवर चाललं होतं. गेमचं नाव 'पॅसिफिक ड्राइव्ह'.

दुसऱ्या दिवशी फोनवर नानांना हा किस्सा सांगितला. नाना म्हणजे माझे थोरले काका. ईट ते भूम काळी-पिवळी जीप चालवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आधी ते पोटभर हसले आणि मग म्हणाले, "उताराला गाडी तशीच सोडून उतरलीस व्हय गं? आधी गाडी उभी करायला शीक. पळवायचं नंतर बघू."

मंडळी, या गेमसाठी यापेक्षा चांगली टिप मला आजवर कुणी दिलेली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचं गेमिंगचं शिक्षण सायबर कॅफेत झालं. दादाच्या खुर्चीमागे उभं राहून 'रोड रॅश' आणि 'व्हाइस सिटी' बघितलेली आपली पिढी. फंडा एकदम सोपा : बटण दाबून धरा, समोर येईल त्याला उडवा, गाडी फुटली तर दुसरी उचला. 'ड्रायव्हिंग सर्व्हायव्हल' हा प्रकार बरोबर याच्या उलटा आहे. इथे गाडी एकच. तिला जपायचं, दुरुस्त करायचं आणि तिच्यातूनच जिवंत परत यायचं.

'पॅसिफिक ड्राइव्ह' फेब्रुवारी २०२४ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन ५ वर आला. बनवला सिएटलच्या आयर्नवुड स्टुडिओजनं. गोष्ट घडते १९९८ मध्ये, अमेरिकेच्या वायव्य टोकाला. तिथल्या जंगलात कसले कसले प्रयोग फसलेत आणि सरकारनं तो सगळा भाग भिंत घालून बंद केलाय. तुम्ही त्यात अडकलेले एक साधे डिलिव्हरी ड्रायव्हर. जवळ एक खटारा स्टेशन वॅगन, म्हणजे मागे भली मोठी डिकी असलेली लांबुडकी गाडी. बस्स!

मला हीरो पाहताक्षणी आवडला. आमच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. माल घेऊन रात्रीचे शहराकडे निघणारे टेम्पोवाले लहानपणापासून बघत आलेय. त्यांच्यावर कुणी गेम काढेल असं वाटलं नव्हतं. निघाला तो अमेरिकेत, पण चालायचंच!

तर या वीकेण्डला हात घालणार असाल, तर माझ्या ठेचा तुमच्या कामी येऊ द्या.

टिप १ : उतरण्याआधी गाडी पार्कमध्ये टाका

यात गिअरचा दांडा 'पी'वर नेल्याशिवाय गाडी खऱ्या अर्थानं उभी राहत नाही. इंजिन चालू ठेवलंत तर पेट्रोल जळतं, दिवे चालू ठेवलेत तर बॅटरी उतरते. सवयच लावून घ्या : पार्क, इंजिन बंद, दिवे बंद, मग दार. पहिले तीन दिवस विसराल, चौथ्या दिवशी हात आपोआप जाईल. नाना उताराला गिअर टाकूनही चाकामागे दगड लावायचे, तेव्हा आम्ही पोरं हसायचो. आता नाही हसत.

टिप २ : गॅरेज हेच घर

प्रत्येक फेरी गॅरेजमधून सुरू होते आणि तिथेच संपायला हवी. नवखी माणसं परत आली की लगेच नकाशाकडे धावतात. नको! आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. प्रत्येक दार, बंपर, पत्रा, टायर, दिवा वेगवेगळा खराब होतो. लहान पोचा-तडा असेल तर दुरुस्तीची पुट्टी लावून काम भागतं. अगदीच गेलेला भाग बदलायचा. गॅरेजमध्येच पंप आहे, टाकी भरून घ्या. निघताना डिकीत पुट्टी, पंक्चरचं सामान, जमलं तर एक जादा टायर आणि पेट्रोलचा कॅन असलाच पाहिजे. ऑफिसला निघताना आपण मोबाइल, पाकीट, आयकार्ड चाचपतो ना? सेम!

टिप ३ : दिसेल ते उचलू नका

सेलमध्ये गेल्यावर आपलं जे होतं, तेच इथे होतं. डिकीची जागा मर्यादित असते आणि हावरटपणाला मर्यादा नसते. सुरुवातीला स्क्रॅपर घेऊन बेवारस गाड्या कापा, त्यातून लोखंड आणि सुटे भाग निघतात. त्यांच्या टाकीत उरलेलं पेट्रोलही काढून घेता येतं. आज कोणती वस्तू बनवायची आहे हे गॅरेजमध्येच ठरवा आणि त्यासाठी लागणारंच सामान शोधा. 'अजून एकच घर बघू' म्हणणारी माणसं परत येत नाहीत. मी सात वेळा आले नाही.

टिप ४ : गाडीच्या खोडी समजून घ्या

हा या गेमचा सगळ्यात हटके भाग. गाडीला अधूनमधून खोडी लागतात. म्हणजे तुम्ही स्टिअरिंग वळवलं की वायपर सुरू, किंवा दार लावलं की हॉर्न वाजला. ही खोड नेमकी कशामुळे आणि काय, हे तुम्ही ओळखायचं आणि गॅरेजमधल्या यंत्राला 'अमुक केलं की तमुक होतं' असं सांगायचं. उत्तर बरोबर आलं तरच इलाज मिळतो. अंदाज मोजकेच मिळतात, त्यामुळे ठोकून देऊ नका. दोन-तीन फेऱ्या नीट लक्ष ठेवा, वाटल्यास वहीत लिहा.

मला हे कोडं फार जड गेलं नाही. नानांच्या जीपचा हॉर्न दाबला की डावा इंडिकेटर लागायचा. नाना म्हणायचे, "गाडी बोलत असती. ऐकणारा पाहिजे."

टिप ५ : भुतांशी भांडू नका

जंगलात चमत्कारिक गोष्टी भेटतात. काही गाडीला चिकटतात, काही हवेतून येऊन गाडी ओढून नेतात. दुकानातल्या पुतळ्यांसारखे दिसणारे 'टुरिस्ट' रस्त्यात उभे असतात, त्यांना धक्का लागला की धडाम! तुमच्याजवळ बंदूक नाही, तेव्हा मारामारीचा विचार सोडा. लांबून बघा, वाट काढा, पुढे व्हा. आणि फारच टेन्शन यायला लागलं तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्रास कमी करून घ्या. त्यात कसली आली लाज? अप्रेजल थोडीच आहे!

टिप ६ : परतीची वाट आधी बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. परत येण्यासाठी आधी 'अँकर' नावाचे ऊर्जेचे गोळे गोळा करायचे आणि त्यांच्या जोरावर घरी नेणारं दार उघडायचं. आकाशात प्रकाशाचा खांब उभा राहतो आणि त्याच क्षणी वादळ तुम्हाला घेरायला लागतं. मग काय, सुसाट! जाम थरार आहे. पण दार उघडण्याआधी तीन गोष्टी बघा : पेट्रोल किती, टायर कसे आणि त्या खांबापर्यंत जाणारा रस्ता खरंच आहे का. सरळ रेषेत जवळ दिसणारं दार मध्ये कडा असेल तर काही कामाचं नाही. थोडं लांबचं, पण रस्त्यावरचं दार निवडा. वाटेत मेलात तर त्या फेरीत गोळा केलेलं सामान गेलं. थोडंच सामान मिळालं आणि गाडी खिळखिळी झाली, तरी परत फिरा. थोडकं घेऊन घरी आलेली फेरी ही चांगली फेरी.

हे मी स्क्रीनवर शिकले, असं लिहायला सोपं आहे. खरं वेगळं आहे.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मी दुपारी पुण्याहून ईटला निघाले. तिकडे जायच्या दोन वाटा, एक सोलापूर हायवेनं बार्शी-भूमकडून आणि दुसरी जामखेड-खर्ड्याकडून. मी दुसरी धरली. पाऊस सुरूच होता. खर्डा सोडलं तेव्हा अंधार पडला होता आणि पुढच्या एका फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. किती, ते दिव्यांच्या उजेडात कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत एक टेम्पो पाणी उडवत पार गेला. पलीकडे घर, आई, घटाची तयारी. मी क्लच दाबून पहिला गिअर टाकला. अगदी खरं सांगते, डोक्यात तो प्रकाशाचा खांबच होता. आता फक्त सुसाट!

तेवढ्यात फोन वाजला. नाना.

"कुठं हायस?"

सांगितलं. टेम्पो गेला, हेही सांगितलं.

"टेम्पो गेला म्हणून तू जायलीस? तुझी गाडी टेम्पो हाय का? माघारी फिर. घट आई बसवंल. तू उद्या ये, परवा ये."

मी चिडले, थोडी रडले आणि माघारी फिरले. खर्ड्यात एका पेट्रोल पंपावर गाडीतच रात्र काढली. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या भूम-परंडा भागात पावसानं काय केलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. परंड्याकडे माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. शेतं मातीसकट वाहून गेली. नंतर मी वाचलं, फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. माझी अल्टो कितीशी!

तो टेम्पोवाला सुखरूप पोचला, हे मला पुढे कळलं. कदाचित मीही पोचले असते. पण स्क्रीनवर मी सात वेळा 'कदाचित' खेळले होते आणि सातही वेळा गॅरेजमध्ये पुन्हा जागी झाले होते. पुलावर ती सोय नव्हती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा नानांना गेम दाखवला. चष्मा लावून बसले, कंट्रोलर हातात घेतला. म्हटलं, आता हे पाच मिनिटांत झाडावर जाणार. अर्धा तास झाला, आईनं दोनदा चहाला हाक मारली, तरी नाना गॅरेजच्या बाहेरच पडले नव्हते! चारही टायर बघितले, पत्रे पुसावेत तशी पुट्टी लावली, टाकी भरली, दिवे लावून-बंद करून पाहिले.

"नाना, आता निघा की!"

"निघतो गं. बाहेर पाऊस दिसतोय," नाना म्हणाले. "थोडा कमी होऊ दे."

गेममधला पाऊस नानांसाठी थांबणार नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. चहा आणायला उठले.

सो, दोस्तहो, हॅपी ड्रायव्हिंग! आणि या पावसाळ्यात गावाकडे निघालात, तर कुठल्याही पुलाआधी घरी एक फोन करा. पुढच्या आठवड्यात भेटूच.