पांढरा पडलेला प्रवाळ अजून जिवंत असतो

प्रति,
मालवण सागरी अभयारण्याची जबाबदारी असलेले वनाधिकारी आणि जलक्रीडांना परवाने देणारे अधिकारी

महोदय,

मालवणच्या समुद्राला 1987 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. 2001 साली दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे कायद्याच्या लेखी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा प्रवाळ आणि ताडोबातला वाघ एकाच रांगेत आहेत. आजारी वाघाच्या अंगावर तुम्ही पर्यटकांची जिप्सी जाऊ देणार नाही. माझे मागणे तेवढेच आहे.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या पेशींतले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो. त्याचा रंग या शैवालाचा, आणि बरेचसे अन्नही तेच पुरवते. ते गेले की पारदर्शक कातडीखालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. होडीतून पाहणाऱ्याला हा शुभ्र रंग देखणा वाटतो, पण तो प्रवाळ उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर शैवाल परतते, नाहीतर प्रवाळ मरतो. लक्षद्वीपने 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे भोगले आहे.

समुद्र थंड करणे तुमच्या हातात नाही. त्या उपासाच्या आठवड्यांत प्रवाळाला आणखी काय सोसावे लागते, हे मात्र आहे. आपला समुद्र एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक तापतो आणि सुट्टीची गर्दीही तेव्हाच उसळते. पोहता न येणारा पर्यटक लाइफ जॅकेट घालून उतरतो, घाबरतो, पायाला काहीतरी लागले की हायसे वाटून त्यावर उभा राहतो. ते काहीतरी बहुधा प्रवाळ असते. पाय मारल्याने उडालेला गाळ त्याच्या अंगावर बसतो. तो झटकायला प्रवाळाला चिकट स्राव तयार करावा लागतो आणि त्यासाठी लागणारी ताकद नेमकी तेव्हाच त्याच्याकडे नसते. वर नांगर पडतो तो वेगळाच. नांगराखाली मोडलेला प्रवाळ भरून यायला वर्षे लागतात.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाच्या नोंदींवरून भारतातल्या प्रवाळांसाठी ब्लीचिंगचे, म्हणजे प्रवाळ असा पांढरा पडण्याचे, इशारे देते. असा इशारा मालवणच्या जेटीवर मराठीत, ठळक अक्षरांत लागला पाहिजे. तो असेपर्यंत प्रवाळावरचे स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंग बंद ठेवा. थायलंडने 2010 च्या ब्लीचिंगनंतर अनेक डायव्हिंगच्या जागा बंद केल्याच होत्या, आणि पर्यटनावर पोट असणारा तो देश आहे. होड्यांसाठी कायमचे बोये बसवा, म्हणजे प्रवाळावर नांगर टाकायची वेळच येणार नाही.

बंदीचा भार मात्र होडीवाल्यांवर आणि गाइड मुलांवर टाकू नका. ऐन हंगामातले त्यांचे दिवस बुडतील, त्याची भरपाई द्या. शक्य असेल तर त्याच दिवसांत त्यांना पाहणीच्या कामावर घ्या. रोज पाण्यात उतरणाऱ्या या मुलांना कुठला प्रवाळ कधी फिका पडला ते सगळ्यांत आधी दिसते. त्यांच्या नोंदी लिहून घेणारा एक माणूस नेमा आणि पुढच्या एप्रिलच्या आत तसा आदेश काढा.

आपला,
किनाऱ्यावरचा एक रहिवासी