वायरही नको, बिनतारीही नको

खानदेशातल्या एका नाट्यगृहाच्या कार्यालयाने काढलेलं परिपत्रक गेल्या महिन्यात तीन वाचकांनी आमच्याकडे पाठवलं. तिघेही म्युझिक ऑपरेट करणारे, तिघांच्याही संस्था स्पर्धेच्या तयारीत. परिपत्रकातल्या बाकीच्या अटी नेहमीच्याच आहेत. दोन अटी मात्र शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. पहिली: प्रेक्षागृहात कुठूनही, कसलीही वायर नेता येणार नाही. दुसरी: बिनतारी उपकरण वापरायचं असेल तर त्याचा सरकारी परवाना अर्जाला जोडावा. म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर विंगेत ठेवून प्रेक्षकांतून क्यू द्यायचा एकही रस्ता कार्यालयाने उघडा ठेवलेला नाही.

यांतल्या एका वाचकाने हा परवाना मिळवण्यासाठी चार दिवस घातले. पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाची परवानगी मिळते, ती त्याच्याकडे होतीच. तिथून त्याला तहसीलला पाठवलं, तहसीलने जिल्ह्याच्या कार्यालयाकडे बोट दाखवलं, आणि तिथे त्यालाच सांगण्यात आलं की असा कागद यापूर्वी कोणाला मिळाला असेल तर नमुना आणा. नमुना येणार कुठून? २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी केंद्र सरकारने २००५ सालीच परवान्यातून मोकळा केला. २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे पट्टेही खुले झाले. आपला क्लिकर, राउटर, ब्लूटूथ पेडल, सगळं यातच बसतं. ज्या वाय-फायवर त्या कार्यालयाचा संगणक चालतो त्याच्यासाठीही कोणी परवाना काढलेला नाही, कारण तो काढावाच लागत नाही. जो कागद अस्तित्वात नाही तो आणेपर्यंत तारीख पक्की न करणं हा संस्थांवर अन्याय आहे आणि तो ताबडतोब थांबला पाहिजे.

वायरबंदीचं कारण मात्र आम्हाला पटतं. तिसरी घंटा झालेली, दिवे मंदावलेले, आणि उशिरा आलेल्या एखाद्या आजीबाई अंधारात जागा शोधताहेत. अशा वेळी वाटेत वायर असणं धोक्याचंच आहे. टेपच्या दोन पट्ट्या मारून मधल्या वाटेतून वायर ओढणारे आपल्यातच पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळेच ही अट आली. पण त्यावरचा उपाय म्हणजे भिंतीकडेने, दारावरून फिरवलेला एक पाइप. त्यात एक नेटवर्कची वायर, एका टोकाला विंगेत सॉकेट, दुसऱ्या टोकाला मागच्या रांगेपाशी सॉकेट. एवढं काम नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनला एका दिवसाचं आहे. रंगरंगोटीवर आणि खुर्च्यांच्या कापडावर खर्च होतो, तिथे या पाइपासाठी तरतूद नाही असं कोणी सांगू नये.

मुळात प्रेक्षकांतच का बसायचं, हा प्रश्न आम्हाला व्यवस्थापकांकडून आला असता तर समजू शकलो असतो. तो आपल्याच एका ज्येष्ठ सभासदाने विचारला आहे, म्हणून उत्तर द्यावं लागतं. विंगेत ऐकू येतो तो स्पीकरच्या पाठीचा आवाज. पावसाचा ट्रॅक नटाच्या वाक्यावर चढला की वाक्याखाली राहिला, हे तिथून कळत नाही. काचेमागच्या खोलीतून तर रंगमंच दिसतो, पण ऐकू येतो तो छोट्या स्पीकरमधून, प्रेक्षागृहाच्या घुमाऱ्याशिवाय. प्रेक्षक हसले आणि नटाने दोन क्षण जास्त थांबून घेतलं, तर फोनची रिंगही दोन क्षण थांबली पाहिजे. ते थांबणं कानाने करायचं असतं.

साथीने नटासमोर बसणं आपल्याकडे जुनंच आहे. बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला. गावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. त्यांच्या नाटकांत साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. ती मंडळी विंगेत बसत नसत. रंगमंचासमोर, गाणाऱ्या नटाच्या डोळ्याला डोळा लावून बसत. श्वास कुठे तुटतो, तान कुठे वळते, हे पाहून हात पडायचा. आपल्या लॅपटॉपमधलं पार्श्वसंगीत हीही साथच आहे, आणि साथीदाराला नटापासून तोडून आत कोंडायचं नसतं.

आमच्या सोनगीरला एक आप्पा होते. दिवसा तांब्याचे हंडे ठोकायचे, रात्री आसपासच्या गावांत हौशी नाटकांना स्पूल लावायचे. क्यू आणि क्यू यांच्यामध्ये पांढरी लीडर टेप जोडलेली, त्यावर पेनाने क्रमांक घातलेले. मशीन जड, ते विंगेतच राहायचं. मग आप्पा पहिल्या रांगेच्या कडेला एका पोराला बसवायचे आणि त्याच्या हाताच्या खुणेवर बटण दाबायचे. कारण विचारलं तर अहिराणीत म्हणायचे, कान जठे, बोट तठे. त्यांच्याकडे रिमोट नव्हता, म्हणून पोराला बसवावं लागलं. आपल्याकडे तो आहे आणि आपण तो नीट वापरत नाही.

आता आपल्या घरातलं. गेल्या वर्षभरात आमच्याकडे आलेल्या तक्रारींत निम्म्याहून अधिक एकाच वस्तूच्या आहेत: स्लाइड बदलायचा क्लिकर. स्वस्त, खिशात मावणारा, कुठल्याही दुकानात मिळणारा. संगणकाच्या लेखी तो फक्त एक छोटा कीबोर्ड आहे. दाबला की पेज डाउन जातं. ते कुठे जातं? ज्या खिडकीवर फोकस आहे तिथे. प्लेअरच्या जागी एखाद्या अपडेटची सूचना पुढे आली असेल तर तुमचा क्यू त्या सूचनेला जातो आणि रंगमंचावर शांतता. एका प्रयोगात हे आमच्यासमोर घडलं. नटीने न वाजलेल्या फोनचा रिसीव्हर उचलला. शिवाय हातात फक्त बटण असतं. पुढे कुठला क्यू उभा आहे ते दिसत नाही. आधीचा क्यू चुकून दोनदा गेला असेल तर त्याचा पत्ता पुढचा क्यू चुकीचा वाजल्यावरच लागतो.

क्लिकर वापरायचाच असेल तर निदान इतकं करा. इंटरनेट तोडा, सूचना बंद करा, विंडोजचे स्वतःचे आवाज बंद करा. सॉफ्टवेअरमध्ये क्यू सोडायच्या दोन हुकमांमधला, म्हणजे दोन ‘गो’मधला, किमान वेळ ठरवायची सोय असेल तर तो अर्धा-एक सेकंद ठेवा. मॅकवर चालणाऱ्या क्यूलॅबमध्ये ही सोय आहे आणि तरी ती शून्यावर ठेवलेले लॅपटॉप आम्ही पाहिले आहेत. क्लिकरचा रिसीव्हर लॅपटॉपच्या मागे, लोखंडी रॅकच्या आड खोचू नका. छोट्या एक्स्टेन्शनवर लावून उंच बांधा.

दुसरी तक्रार मोबाइलची. टचओएससीसारखं अ‍ॅप, वाय-फाय आणि ओएससीचे, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या हुकमांचे, संदेश. क्यूलॅब ते ५३००० या पोर्टवर ऐकतं, आणि पुढच्या क्यूचं नाव फोनवर परतही येऊ शकतं, म्हणजे क्लिकरचा आंधळेपणा इथे जातो. पण बहुतेक अ‍ॅप हे संदेश यूडीपीवर पाठवतात. यूडीपीमध्ये पोच नसते. संदेश वाटेत हरवला तर हरवला, पुन्हा कोणी पाठवत नाही. दुपारी रिकाम्या प्रेक्षागृहात तालीम घेता तेव्हा एकही हरवत नाही, आणि रात्री साडेनऊला हरवतो. याचं कारण साधं आहे. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. त्यात पाच-सहाशे प्रेक्षकांचे फोन येऊन बसतात. आणि माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. भरलेली रांग म्हणजे मधे उभी राहिलेली भिंतच. म्हणून राउटर टेबलाखाली ठेवू नका, डोक्यांच्या वर ठेवा. राउटर आणि फोन दोन्हींना चालत असेल तर पाच गिगाहर्ट्‌झवर जा. सॉफ्टवेअरमध्ये टीसीपी निवडता येत असेल तर निवडा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवा, स्क्रीन झोपू देऊ नका. नाट्यगृहाच्या वाय-फायवर तर कधीच विसंबू नका.

आणि वीज. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. लाइन जाऊन जनरेटर येईपर्यंतच्या दहा सेकंदांत लॅपटॉप सुरूच राहतो, राउटर मात्र बंद पडून पुन्हा उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात अंक संपतो. राउटरचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. तो न घेता खानदेशात बिनतारी काम करणं म्हणजे प्रयोग वाऱ्यावर सोडणं.

आमचं मत स्पष्ट आहे: बिनतारी मार्ग जोड म्हणून ठेवा, मुख्य मार्ग वायरचाच हवा. वायर म्हटलं की अजूनही मंडळी लॅपटॉपच उचलून मागे आणतात आणि हेडफोनच्या भोकातून चाळीस मीटर पातळ वायर विंगेपर्यंत ओढतात. मग डिमरची गुणगुण प्रेक्षकांनी तीन अंक ऐकायची. आवाज जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त हुकूम लांबून पाठवा. मिडी १९८३ पासून आहे, पण त्याच्या साध्या वायरची शिफारस पंधरा मीटरपर्यंतच. यूएसबीची साधी वायर पाच मीटरला थकते. नेटवर्कची कॅट-५ किंवा कॅट-६ वायर शंभर मीटर जाते, आणि आपल्या नाट्यगृहांत भिंतीकडेने, दारावरून फिरवून धरली तरी तेवढी लागत नाही. तिच्या एका टोकाला मागे जुना लॅपटॉप बसवून ओएससी पाठवा, नाहीतर यूएसबी एक्स्टेंडर लावून एक छोटं पॅड जोडा. मॅक नसला तरी अडत नाही. विंडोजवर शो क्यू सिस्टिम्स आहे, आणि लिनक्स शो प्लेअर तर फुकट आहे, मिडी आणि ओएससी दोन्ही घेतो. काळोख आणि गोळीचा आवाज एकाच क्षणी हवा असेल तर दिव्यांच्या बोर्डावरून मिडी शो कंट्रोलने क्यू सोडता येतो. हे मानक १९९१ सालचं आहे.

विंगेत एक माणूस मात्र बसवाच. त्याची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर, हात स्पेसबारजवळ, पण दाबायचं फक्त ठरलेली खूण मिळाल्यावर. नाहीतर मागून एक गो, पुढून एक गो, आणि मृत्यूच्या प्रसंगावर लग्नाची सनई. सगळं एकदम थांबवणारा एस्केप कधी दाबायचा, हेही त्याच्याशी आधीच ठरवा.

आणि ज्यांचा पेनड्राइव्ह प्रयोगाच्या दिवशी दुपारी चारला येतो, ज्यांचे ट्रॅक व्हीएलसीच्या यादीत नावाविना पडलेले असतात, त्यांनी नाट्यगृहाच्या कार्यालयाविरुद्ध आमच्याकडे तक्रार करण्याआधी आपली क्यूशीट पाठवावी. दिग्दर्शक तुम्हाला तालमीला शेवटच्या आठवड्यातच बोलावतो, हे खरं आहे आणि चूक आहे. पण न बोलावताही जाता येतं. नट पाठांतर घेऊन पहिल्या दिवसापासून येतो. तुमचं बोट तालमीत नसेल तर प्रयोगात ते कुठल्याही वायरने वेळेवर पडणार नाही.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. हाती फार दिवस नाहीत. धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, जिथे जिथे आपला सभासद आहे, त्याने या महिन्यात आपल्या नाट्यगृहात टेप घेऊन जावं. विंगेपासून मागच्या रांगेपर्यंत भिंतीकडेने किती मीटर, वाटेत दारं किती, विजेचा सॉकेट कुठे, एवढं मोजावं. मग व्यवस्थापकांना पत्र द्यावं. त्यात दोनच मागण्या असाव्यात: या मापाचा एक पाइप आणि त्यात एक कॅट-६ वायर, आणि परवान्याची अट रद्द. पत्राला २००५ च्या नियमांची प्रत जोडावी, पोच घ्यावी. एकट्याने देऊ नका. दिव्यांचे, नेपथ्याचे आणि त्या गावातल्या सगळ्या संस्थांचे मिळून सह्या करा, कारण उद्या हीच अट दिव्यांच्या बिनतारी डीएमएक्सवरही येणार आहे.

मापं आणि पोच मिळालेल्या पत्राची प्रत महिनाअखेर आमच्याकडे सोनगीरला पोचू द्या. पुढच्या अंकात नाट्यगृहागणिक मापं छापू, आणि ज्या गावाहून काहीच आलं नाही तिथे आम्ही स्वतः टेप घेऊन येऊ.