स्वसंरक्षणाची गोळी आणि शेजारची भिंत

शस्त्रपरवाना स्वसंरक्षणासाठी मागितला जातो. मात्र परवान्याच्या शस्त्रातून सुटणारी गोळी दरवेळी त्याच कामी येते असे नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे अभिषेक घोसाळकर यांची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील असल्याचे पोलिसांनी सांगितले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्याच रिव्हॉल्वरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरली. या दोन्ही घटनांत कोणाचेही संरक्षण झाले नाही.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडील गाससारख्या गावांत एकीकडे वाड्या, दुसरीकडे वाढत्या शहराची दाटी आहे. एकाकी घर, जमिनीचे चढते भाव आणि चोरीची धास्ती यांतून शस्त्र बाळगण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून हा परिसर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयात आला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हा हक्क नसून सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

परवाना मिळाला तरी कोणती गोळी निवडावी, याचा बराचसा निर्णय कायद्यानेच घेतलेला असतो. पोलिस व लष्कराची ९ मिमी गोळी सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. त्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअर येते. त्यातही रिव्हॉल्वरचे काडतूस वेगळे व पिस्तुलाचे वेगळे असून ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पिस्तुलाच्या .३२ गोळीची ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याहून कमी असते, म्हणून ती कमकुवत असल्याची तक्रार नेहमीच ऐकू येते.

प्रश्न केवळ जोराचा नाही. पूर्ण धातूचे आवरण असलेली गोळी शरीराच्या आरपार जाऊ शकते. पोकळ टोकाची गोळी आत शिरताच पसरते आणि तिथेच थांबण्याची शक्यता वाढते. कोलकात्याजवळील दमदमच्या कारखान्यामुळे 'दमदम' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेने युद्धापुरती बंदी घातली. अमेरिकेतील पोलिस मात्र आज पोकळ टोकाचीच गोळी वापरतात. मागच्या निरपराध माणसाला इजा होऊ नये, हे त्याचे एक कारण. दाट वस्तीत हाच विचार निर्णायक ठरतो. नेम चुकला तर कोणतीही गोळी पातळ भिंत, पत्रा किंवा दार ओलांडू शकते आणि पलीकडे शेजाऱ्याचे मूल झोपलेले असू शकते.

गोळी झाडल्यानंतरची बाजूही पाहायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य आहे. तथापि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा अधिकारच उरत नाही. जीव घेण्यापर्यंत जाणारा अधिकार मृत्यूची किंवा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्कार वा अपहरणाचा हल्ला, रात्रीची घरफोडी अशा ठराविक प्रसंगांपुरता आहे. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणाऱ्याला न्यायालयात हे सिद्ध करणे अवघड जाते.

म्हणजेच गोळीच्या प्रकारापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: नियमित सराव, शस्त्र व काडतुसे कुलूपबंद ठेवण्याची शिस्त आणि गोळी न झाडण्याचा संयम. गाससारख्या गावाला आणखीही काही हवे आहे. रस्त्यावर दिवे, रात्रीची गस्त आणि हाकेला धावणारा शेजार असेल, तर बहुतेकांना गोळी निवडण्याची वेळच येणार नाही. हे पुरवण्याची जबाबदारी महापालिका आणि पोलिस यांची आहे. ती एकेका घरातील कपाटावर ढकलून चालणार नाही.