पंख्यानें केव्हां फिरावें?

गेल्या वर्षीं फाल्गुनांत आमच्या वडील बंधूंनीं योगेश्वरीच्या दर्शनास अंबाजोगाईस जाण्याचें मनांत आणिलें, आणि जावयाचें तें नानांच्याच गाडींतून असा आग्रह धरिला. नाना म्हणजे आमचे तीर्थरूप. त्यांनीं १९६८ सालीं घेतलेली फियाट डिलाइट आमच्या केजच्या वाड्यांत अद्याप आहे, व वर्षांतून चार-सहा वेळां ती रस्त्यावर निघतेही. त्या दिवशीं मात्र ती गांवाच्या चौकापलीकडे गेली नाहीं. पुढें उंसानें लादलेले ट्रॅक्टर, मागें एस. टी. आणि डोक्यावर दुपारचें ऊन अशा स्थितींत वीस मिनिटें उभें राहतांच बोनेटखालून वाफ निघूं लागली. वहिनींना एका टपरीच्या सावलींत बसवून आम्हीं बोनेट उघडलें आणि उतावळेपणानें रेडिएटरच्या टोपणास हात घातला.

त्या हाताची कातडी भरून येण्यास तीन आठवडे लागले. आमचा पुतण्या शाळेंत विज्ञान शिकवितो. त्यानें मागाहून समजाविलें कीं, तें टोपण नुसतें झांकण नव्हे. तें आंतील पाणी दाबाखालीं ठेवितें, आणि दाबाखालचें पाणी शंभर अंशांवर गेलें तरी लगेच उकळत नाहीं. टोपण सैल होतांच दाब नाहींसा होतो व तेंच पाणी क्षणांत वाफ होऊन अंगावर येतें. आम्हीं सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला. हा धडा पहिल्यानेंच गिरविला. यंत्र पुरतें निवेपर्यंत टोपणास शिवूं नये, एवढें वाचकांनीं आमच्या हातावरून शिकावें.

गाडीस विजेचा पंखा बसवावा, ही सूचना पुतण्याचीच. दादांना ती मुळींच रुचली नाहीं. "अरे, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली ही गाडी. हिचीच पुढें पद्मिनी झाली, आणि त्या पद्मिनी मुंबईच्या गर्दींत टॅक्सी म्हणून राबल्या. शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. तोंवर त्यांना हा जुना पंखा पुरला, मग आपल्यालाच तो कां पुरूं नये?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो निरुत्तर करणारा होता.

म्हणून प्रथम रेडिएटर उतरवून साफ करविला. आमच्याकडील बोअरचें पाणी जड; तेंच वर्षानुवर्षें भरल्यामुळें आंतील बारीक नळ्यांत क्षारांचे थर बसले होते. ते निघाल्यावर निम्मा रोग गेला, हें दादांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. (आतां आम्ही शुद्ध पाणी व त्यांत कूलंट असें भरतों.) परंतु निम्मा उरला. वाड्यासमोर गाडी नुसती चालू ठेवून पाहिली, तों अर्ध्या तासांत कांटा पुन्हां तांबड्याकडे सरकला.

याचें कारण त्या जुन्या पंख्याच्या घडणींतच आहे. तो पट्ट्यानें इंजिनास बांधलेला. इंजिन जोरांत तर तो जोरांत, इंजिन मंद तर तो मंद. मोकळ्या रस्त्यावर गाडी धांवते तेव्हां समोरचा वारा आपण होऊनच रेडिएटर थंड करितो, आणि त्याच वेळीं हा पंखा विनाकारण गरगरत इंजिनाची शक्ति खातो. गर्दींत गाडी उभी असते, वारा नसतो, पंख्याची खरी निकड असते, तेव्हां तो आळसावतो. विजेचा पंखा इंजिनाच्या गतीवर अवलंबून नसतो. पण त्यास केव्हां फिरावें हें कोणीतरी सांगितलें पाहिजे, आणि तें सांगणारा तो सेन्सर.

मराठींत त्यास संवेदक म्हणतात. 'विद्' म्हणजे जाणणें. शब्द चांगला आहे. मात्र हा जाणता ज्यास स्पर्श करितो तेवढेंच जाणतो, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

पहिल्या मिस्त्रीनें त्याचा दांडा रेडिएटरच्या पात्यांत खुपसला. पात्यांवर तर वाराच लागतो! आंत पाणी खदखदूं लागलें तरी दांड्यास त्याची वार्ता नव्हती. दुसऱ्या मिस्त्रीनें तो काढून वरची रबरी नळी कापली, मध्यें धातूच्या नळीचा तुकडा घातला आणि त्याच्या आट्यांत पितळी थर्मोस्विच बसविला. आतां तो थेट पाण्यांत होता. तरीही पंखा फिरेना.

तेव्हां पुतण्यानें स्विच सोडवून घरीं आणिला व स्वयंपाकघरांत परीक्षा मांडली. वहिनींनीं, "माझें वरणाचें पातेलें मिळणार नाहीं," असें बजावल्यामुळें अडगळींतील एक जुनें पातेलें आलें. त्यांत पाणी, पाण्यांत थर्मामीटर, आणि तारेनें टांगलेला स्विच. स्विचला बॅटरी व लहानसा दिवा जोडलेला. दादा सुद्धां खुर्ची ओढून बसले. नव्वद झाले, एक्याण्णव झाले, आणि ब्याण्णव अंशांवर दिवा लागला. गॅस बंद केल्यावर तो सत्त्याऐंशीच्या सुमारास विझला. म्हणजे स्विच निर्दोष होता.

दोष जोडणींत सांपडला. त्या स्विचला तार एकच. विजेची परतीची वाट त्याच्या पितळी अंगांतून गाडीच्या लोखंडांत जावयाची. पण आमचा स्विच ज्या तुकड्यांत होता त्याच्या दोन्ही बाजूंस रबर! परतीची वाटच नव्हती. तुकड्यास एक तार बांधून ती चॅसिसला आवळली आणि पंखा फिरला. पंख्याची सारी वीज स्विचमधून नेली तर तो लवकर जळतो, म्हणून मध्यें रिले घातला आहे. स्विच रिलेस खूण करितो, ओझें रिले वाहतो. फ्यूज तर हवाच.

दुसऱ्याच दिवशीं पंखा पुन्हां मुका झाला. या वेळीं नळी जोडतांना आंत हवा कोंडली होती, आणि स्विच पाण्याऐवजीं त्या हवेच्या पोकळींत लोंबत होता. थंड गाडी टोपण काढून चालू केली, पाणी जसजसें खालीं गेलें तसतसें भरलें, बुडबुडे थांबल्यावर टोपण लाविलें. तेव्हांपासून दर प्रवासापूर्वीं, गाडी थंड असतांना, पाण्याची पातळी पाहण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें आहे. पाणी उतरलें कीं संवेदकाचें ज्ञानही उतरतें.

आणखी दोन अडचणी उरल्या, त्या सुटल्या असें म्हणवत नाहीं. गाडीचा डायनॅमो जुना. इंजिन मंद असतां तो जवळजवळ कांहींच वीज देत नाहीं, आणि पंखा नेमका तेव्हांच ती मागतो. म्हणजे तेवढा वेळ तो बॅटरीवर जगतो. पुतण्याच्या मतें अल्टरनेटर बसवावा. दादांनीं तें साफ नाकारलें. आम्हीं दादांची बाजू घेतली, आणि रात्रीं दिवे लावून प्रवास करावयाचा नाहीं असा नियम केला. दुसरी गोष्ट, पाण्याचा पंप अजून त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला तर पाणी खेळणार नाहीं, मग विजेचा पंखा कितीही फिरो.

दादांच्या हट्टामागें केवळ माया होती असें नाहीं. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें, पण चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणून नव्या पंख्याची पट्टी आधींच्याच भोंकांतून आवळली आहे, पत्र्यास एकही नवें भोंक नाहीं. आणि नानांच्या वेळचा पंखा तेल लावून, धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेविला आहे.

यंदा वैशाखांत आम्ही निघालों. चौकांत पुन्हां गाड्या तुंबल्या होत्या. कांटा वर चढूं लागला, वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं आमच्या हाताकडे. तोंच पुढून घोंघों असा आवाज झाला. "काय झालें रे?" दादांनीं विचारलें. "दादा, पंखा लागला." तीनेक मिनिटांनीं तो आपोआप थांबला, आणि थोड्या वेळानें पुन्हां लागला. अंबाजोगाईस पोंचेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर तो एकदांही फिरला नाहीं.

परत आल्यावर पुतण्यानें शोधून काढलें कीं, गाडीचा थर्मोस्टॅट कोणी मिस्त्रीनें फार पूर्वींच काढून टाकिला आहे, त्यामुळें थंडींत इंजिन धड तापतही नाहीं. नवा मिळविण्याचा यत्न चालू आहे. तो ऐंशी अंशांच्या आसपास उघडणारा हवा. ब्याण्णवच्या पुढें उघडणारा आणाल तर सारेंच मुसळ केरांत, असें दादांनीं त्यास दोनदां बजाविलें आहे.