मॉल चाळीस किलोमीटरवर, दुकान चाळीस पावलांवर : पहूरच्या बाजाराचं गणित

जामनेर तालुक्यातल्या पहूरला चार रस्ते एकत्र येतात. एक जळगावला जातो, एक अजिंठ्यावरून छत्रपती संभाजीनगरला, एक जामनेरला आणि एक शेंदुर्णीमार्गे पाचोऱ्याला. अशा चौफुलीवर दुकानदारी वाढणारच. किराणा, बी-बियाणं, बांगड्या, फळं, मोबाईल, चप्पल, चहा, शेव-चिवडा, सगळं काही इथे मिळतं. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं दवाखान्याला, बँकेला किंवा बाजाराला पहूरला येतात आणि परत जाताना पिशवी भरून नेतात.

इथून जळगाव साधारण चाळीस किलोमीटर. तिथे डी-मार्ट आहे. जुन्या खान्देश मिलच्या जागेवर खान्देश सेंट्रल उभं आहे. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे जळगावला खरेदीला जाणं पूर्वीपेक्षा स्वस्त पडतं. एवढं असूनही पहूरच्या गल्लीतलं दुकान सकाळी उघडतं आणि रात्री उशिरापर्यंत चालतं. मॉल आले की छोटे दुकानदार संपणार, असं वीस वर्षांपूर्वी छातीठोकपणे सांगितलं जायचं. ते का खरं झालं नाही? आणि दुकान टिकलं म्हणजे दुकानदार सुखात आहे, असं समजायचं का? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि दोन्ही आपल्या समाजासाठी महत्त्वाचे आहेत.

भाकीत चुकलं कुठे?

सप्टेंबर 2012 मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली. त्या विरोधात 20 सप्टेंबरला भारत बंद झाला. परदेशी कंपन्या येतील आणि गल्लीतला किराणा गिळतील, अशी भीती होती. प्रत्यक्षात घडलं उलटंच. देशातली सगळ्यात गाजलेली साखळी होती बिग बाजार. कर्जाच्या ओझ्याखाली ती कोलमडली. 2022 मध्ये तिच्या अनेक दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला, मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्याच्यामुळे किराणावाला बुडणार होता, तोच आधी बुडाला.

याचा अर्थ मोठी दुकानं चालत नाहीत असा नाही. डी-मार्ट चांगलं चालतं, कारण त्याचं गणित साधं आहे. बऱ्याचशा जागा स्वतःच्या, त्यामुळे भाड्याचा भार कमी. माल घाऊक घ्यायचा, पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे, त्या बदल्यात सूट मिळवायची आणि त्यातली काही ग्राहकाला द्यायची. पण हे दुकान महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यासाठी आहे. एक तारखेला पगार झाला, गाडी काढली, महिन्याचा माल भरला, असा त्याचा ग्राहक.

पहूरच्या आसपास असा ग्राहक किती? इथे पैसा कापसावर चालतो. पेरणीला पैसा जातो आणि दसरा-दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की परत येतो. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते, ती रोजची किंवा आठवड्याची. तिला पाच किलोची तेलाची बरणी स्वस्त पडते हे तिलाही कळतं. पण त्या दिवशी हातात असतात दोनशे रुपये. त्यात पाव किलो तेल, अर्धा किलो साखर, दहा रुपयांची चहापत्ती आणि पोराला पाच रुपयांचा बिस्किटपुडा बसतो. मॉलला असं सुटं विकणं परवडत नाही. गल्लीतल्या दुकानाचा तोच धंदा आहे.

दुसरी गोष्ट उधारीची. 'मांडून ठेवा चाचा, कापूस गेला की देते,' हे वाक्य मॉलच्या काउंटरवर चालत नाही. तिथे उधार हवं तर क्रेडिट कार्ड लागतं आणि बिल वेळेत पूर्ण भरलं नाही तर त्याचं व्याज चुकत नाही. गल्लीतला दुकानदार मात्र माणूस ओळखतो. त्याला ठाऊक असतं की हिचा नवरा दारू पितो पण ही बाई पैसे बुडवणार नाही. कुठल्याही बँकेकडे नसलेली ही माहिती त्याच्याकडे असते, आणि त्या ओळखीवर तो चार महिने थांबतो.

आता लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये खात्यावर येतात. त्यासाठी कुणी मुद्दाम जळगाव गाठत नाही. जुनी उधारी थोडी भागवली जाते, थोडा नवा माल घेतला जातो. छोट्या दुकानाला अशा छोट्या रकमांचाच आधार असतो.

या प्रश्नात आपला समाज कुठे?

खान्देशातल्या मुस्लिम समाजाची आडनावं आणि बिरादऱ्या पाहिल्या तरी धंद्याचा इतिहास कळतो. मणियार बांगड्यांचे, बागवान फळांचे, अत्तार अत्तराचे, तांबोळी पानाचे, पिंजारी गाद्यांचे. गावोगावचे बाजार यांच्या पिढ्यांनी केले. मणियाराकडून बांगड्या भरल्याशिवाय कित्येक हिंदू घरांतली लग्नं पुढे सरकत नसत.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने हेच देशपातळीवर दाखवलं. पगारी नोकरीत मुस्लिमांचा वाटा कमी, स्वयंरोजगारात जास्त, आणि बँकेच्या कर्जात वाटा लोकसंख्येच्या मानाने तोकडा. महाराष्ट्र सरकारने 2008 मध्ये नेमलेल्या महमूद-उर-रहमान समितीसमोरही गरिबी आणि कर्जाचे तेच प्रश्न आले. म्हणजे इतरांसाठी जो 'किराणा विरुद्ध मॉल' असा चर्चेचा विषय आहे, तो आपल्या कित्येक घरांत थेट चुलीचा प्रश्न आहे. दुकान बसलं तर दुसरी नोकरी वाट पाहत उभी नसते.

त्यात गेल्या काही वर्षांत वेगळाच धोका वाढलाय. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने तो मान्य केला नाही, ही समाधानाची बाब. त्याआधी जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड मार्गावरच्या खाद्यपदार्थ विक्रेत्यांनी मालकाचं नाव लावावं असा आदेश निघाला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मॉलच्या दारावर मालकाचा धर्म लिहिलेला नसतो आणि कुणी विचारतही नाही. गल्लीतला दुकानदार मात्र नावानेच ओळखला जातो. त्याचं नाव हेच त्याचं भांडवल, आणि बहिष्काराची हाक बरोबर त्या भांडवलावर घाव घालते.

यावर उत्तर काय? न्यायालय आणि प्रशासन आपल्या जागी आहेतच. पण रोजचं उत्तर गल्ल्यावर दिलं जातं. ज्या दुकानात वीस वर्षं माप बरोबर मिळालं, आजारपणात उधार मिळालं, तिथलं गिऱ्हाईक मोबाईलवरच्या एका मेसेजने सहसा तुटत नाही. पहूरसारख्या गावात गिऱ्हाईक सगळ्या समाजाचं असतं. फक्त आपल्यांतच विकून इथे कुणाचंच दुकान चालणार नाही, ना आपलं ना त्यांचं.

खरा धोका मॉलचा नाही

ऑक्टोबर 2024 मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने दावा केला की वर्षभरात देशात सुमारे दोन लाख किराणा दुकानं बंद पडली. त्यातली जास्त महानगरांतली होती, आणि बोट मॉलकडे नव्हतं, दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या ॲपकडे होतं. मॉलमुळे गिऱ्हाईक महिन्यातून एकदा जायचं. मोबाईल तर त्याच्या खिशातच आहे. पहूरला दहा मिनिटांची सेवा आलेली नाही. पण कपडे, चपला, मोबाईलचं सामान पार्सलने घरी येतंय, आणि त्याचा फटका किराण्याच्या आधी कापड नि चप्पलवाल्याला बसतो.

दुसरा धोका खरेदीच्या भावाचा. मोठ्या साखळ्यांना कंपनी ज्या दरात माल देते, त्या दरात गल्लीतल्या दुकानदाराला मिळत नाही. याच कारणावरून जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही मोठ्या कंपन्यांच्या मालावर असहकार पुकारला होता. एकेकट्या दुकानदाराचं कंपनी ऐकत नाही.

तिसरा धोका जागेचा. जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली आणि भाडं, थकबाकी, नूतनीकरण यांचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षं चालला. तिथल्या गाळेधारकाची झोप मॉलने नाही, या वादाने उडवली. पहूरसारख्या महामार्गावरच्या गावात रस्ता रुंद झाला की कडेची टपरी हलते. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा 2014 चा कायदा शहरी भागासाठी आहे, त्यामुळे ग्रामपंचायत हद्दीतल्या हातगाडीवाल्याच्या हातात फारसं काही राहत नाही.

आणि चौथा धोका घरातला. उधारीची वही. ज्या उधारीने दुकान चालतं, तिनेच ते बसतं. पाऊस दगा देतो, कापसाचा भाव पडतो, वसुली अडकते, आणि घाऊक व्यापारी मात्र थांबत नाही. मग दुकानदार सावकाराकडे जातो. व्याज हराम म्हणून बँकेची पायरी न चढलेला माणूस शेवटी बँकेच्या कितीतरी पट व्याज सावकाराला भरतो. ही आपल्या बाजारातली सगळ्यात कडू विसंगती आहे.

करायचं काय?

पहिलं, हिशेब लिहा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, साक्षीदार घेण्याचा स्पष्ट आदेश आहे, आणि अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत देण्याची शिकवणही त्याच सूरहमध्ये आहे. दोन्ही एकत्र वाचायला हव्यात. दया करायची, पण कागदावर. कुणाला किती उधार द्यायचं याची मर्यादा आधीच ठरवा.

दुसरं, माप आणि माल. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल प्रेषितांनी (स.) दाखवून दिली, ती हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. काटा वैधमापन खात्याकडून वेळेवर तपासून घेणं हा तिचाच आजचा अर्थ आहे.

तिसरं, यूपीआयचे पैसे खात्यावर येऊ द्या. त्यातून उलाढालीची नोंद तयार होते. केवळ मालाची विक्री असेल तर साधारणपणे 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे उगाच घाबरून रोखीतच व्यवहार करण्याचं कारण नाही.

चौथं, आणि सगळ्यात गरजेचं, एकत्र या. दहा किराणा दुकानदारांनी, मग ते कुठल्याही समाजाचे असोत, साखर, तेल, डाळ जळगावच्या दाणाबाजारातून एकत्र उचलली तर गाडीभाडं वाटलं जातं आणि भावही बरा मिळतो. मशिदीच्या कमिट्या आणि जमाती लग्न-दफनासाठी निधी गोळा करतात. त्याच धर्तीवर बिनव्याजी कर्जाचा, कर्जे हसनाचा छोटा निधी दुकानदारांसाठी का नसावा? वीस-तीस हजारांची अडचण वेळेवर निघाली तर सावकाराचं दार गाठावं लागत नाही.

मॉलला पहूरच्या दुकानाने हरवायची गरज नाही. दोघांचं गिऱ्हाईक, किंवा एकाच गिऱ्हाईकाची गरज, वेगळी आहे. महिन्याचं सामान जळगावहून आणणारी बाईसुद्धा मधेच मीठ संपलं की कोपऱ्यावरच येते. प्रश्न एवढाच आहे की ती येईल त्या दिवशी कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल का. ते मॉलवाल्यापेक्षा आपल्या वहीवर आणि आपल्या एकीवर जास्त अवलंबून आहे.