दाढ उपटणारा समाज

डॅलस किंवा ह्यूस्टनच्या एखाद्या मजूरवस्तीजवळचा दातांचा दवाखाना. खुर्चीत गाल सुजलेली आई, शेजारी शाळा बुडवून आलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी. आईला स्पॅनिश येते, डॉक्टरला इंग्रजी, आणि दोघांच्या मधे हे पोर. रूट कॅनाल केले तर दाढ वाचेल, असे डॉक्टर म्हणतो. पोरीने तो शब्द घरात कधी ऐकलेलाच नाही. ती आईला सांगते, दाढेला भोक पाडणार आहेत. आई विचारते, किती पडतील? आकडा ऐकून मुलगीच आधी मान खाली घालते. मग ठरते, उपटून टाका. रात्रभर त्याच दाढेखाली आईने लवंग धरलेली असते. तिच्या भाषेत लवंगेला ‘क्लाव्हो’ म्हणतात, खिळ्यालाही तोच शब्द.

हे नशीब नव्हे, हा ठरवून केलेला अन्याय आहे! १९६५ साली अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आला, तेव्हा रोजचे दातांचे उपचार त्यातून वगळले. गरिबांच्या मेडिकेडमध्ये मुलांच्या दातांची सोय सक्तीची, मोठ्यांची मात्र राज्यांच्या मर्जीवर. वयाची २१ वर्षे भरली की दात शरीराचा भाग राहत नाहीत काय? आणि ज्याच्याकडे कागदपत्रेच नाहीत, त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे?

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांची, माणसे ६ कोटी २० लाखांच्या घरात होती, म्हणजे शंभरात जवळपास १९. दंतवैद्यांत मात्र ती शंभरात ६ च्या आसपास. दुभाषी झालेली अशीच एखादी मुलगी जिद्दीने शिकते, दंतवैद्य होते, तेव्हा डोक्यावर सुमारे ३ लाख डॉलरचे कर्ज असते. खुर्च्या, एक्स-रे, निर्जंतुकीकरणाची यंत्रे यांसाठी आणखी काही लाख हवेत. बँक तारण मागते. बाप छपरे घालणारा, मजुरी रोखीत, घर भाड्याचे. तारण आणायचे कुठून? यातूनही तिने पाटी लावलीच, तर जम बसलेले दवाखाने मेडिकेडची मुले तिच्याकडे धाडतात, कारण त्या दरात त्यांना परवडत नाही. तिला परवडते असे कोणी ठरवले? हे साऱ्या समाजाचे कर्तव्य होते. ते एका कर्जबाजारी मुलीच्या खांद्यावर टाकून, वर तिच्या जिद्दीचे सत्कार करणाऱ्यांची मला चीड येते.

आपली माणसेही या जबाबदारीतून सुटत नाहीत. पुण्या-नागपूरहून गेलेल्या कितीतरी दंतवैद्यांनी तिथे पुन्हा दोन-तीन वर्षे कॉलेज केले आहे. हातची पदवी असून नसल्यासारखी होणे म्हणजे काय, हे त्यांना कळते. मग या मुलीला आपल्या दवाखान्यात दोन वर्षे धंदा शिकू द्यायला, बँकेत तिच्यासाठी शब्द टाकायला त्यांना कोणी अडवले आहे? त्यांच्या उपनगरातल्या घरावर गारपिटीनंतर नवे छप्पर घातले गेले, ते तिच्या बापासारख्यांच्याच हातांनी. चाळीस अंशांच्या उन्हात तो वर डबा उघडून बसतो आणि एकाच बाजूने चावतो.